मशिदीतील मौन

श्रीसाईसच्चरिताच्या सत्ताविसाव्या अध्यायात गोविंद रघुनाथ दाभोळकर यांनी एक गोष्ट जाता जाता सांगितली आहे, आणि पोथी वाचणाऱ्या बहुतेकांच्या ध्यानातून ती तशीच जाता जाता निसटते. शिरडीच्या मशिदीत जो येई तो बाबांशी बोले. कुणी गाऱ्हाणे घाली, कुणी शंका विचारी, कुणी हट्टास पेटून वादही करी. परंतु तीन असामी अशा होत्या की ज्या बाबांपुढे बसत, बाबा बोलतील ते ऐकत, आणि नमस्कार करून उठत. तोंडातून शब्द म्हणून काढीत नसत. त्यांतले एक पंढरपूरचे सबजज्ज तात्यासाहेब नूलकर, दुसरे नागपूरचे धनाढ्य गृहस्थ गोपाळराव ऊर्फ बापूसाहेब बुटी, आणि तिसरे अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे. न्यायाधीशाला ऐकण्याची सवय असते आणि लक्ष्मीपुत्राला बोलण्याची गरज नसते, म्हणून पहिल्या दोघांच्या मौनाचे नवल वाटत नाही. परंतु ज्याच्या जिभेवर अमरावतीची अशील मंडळी निर्धास्त झोपत, ज्याच्या कोटिबाज वक्तृत्वाने काँग्रेसचे मांडव हसत आणि पेटत, तो मनुष्य एका फकिरापुढे मुका का बसला, हा प्रश्न मला फार दिवस अस्वस्थ करीत आला आहे. कारण तो एकट्या दादासाहेबांचा प्रश्न नव्हे. जाणत्या, चिकित्सक, तर्कावर जगणाऱ्या माणसाने साक्षात्काराच्या दाव्यापुढे कसे वागावे, या जुन्या प्रश्नाचे ते एक रोकडे उदाहरण आहे, आणि सुदैवाने त्याचा दस्तऐवजही शिल्लक आहे.

दादासाहेबांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४चा, गणेशचतुर्थीचा. म्हणूनच नाव गणेश. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, १८८४ साली वकिलीची पदवी, मग काही वर्षे वऱ्हाडातच एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनरची सरकारी चाकरी, आणि १८९०पासून अमरावतीस स्वतंत्र वकिली, असा त्यांच्या पूर्वायुष्याचा आलेख आहे. कापसाच्या पेठेचे ते गाव. शेत, सावकारी, वाटणी, दत्तक आणि गहाणखते यांचे दावे तेथे तुंबलेले असत, आणि दादासाहेबांच्या वाड्यात पहाटेपासून पागोट्यांची रीघ लागे. संस्कृताचा व्यासंग, इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व, राहणी इतकी ऐसपैस की लोक त्यांना वऱ्हाडचे नबाबच म्हणत. १८९७च्या डिसेंबरात काँग्रेस अमरावतीस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. अध्यक्षपदी शंकरन नायर होते, आणि ज्यांच्या नावाने सारा महाराष्ट्र त्या वेळी तळमळत होता ते टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. टिळकांची आणि त्यांची मैत्री ही पुढे त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची धुरी झाली. १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली तेव्हा ते टिळकांच्या बाजूस होते. पुढल्याच वर्षी न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली, तेव्हा भरभराटीची वकिली टाकून दादासाहेब विलायतेस गेले, प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली, आणि ती दाद लागली नाही तरी दोन वर्षे तेथेच खटपट करीत राहिले. १९१० साली परतताना ते ब्रह्मदेशात उतरले आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांनी आपल्या मित्राची भेट घेतली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ते पहिल्यांदा शिरडीस गेले. तो मुक्काम आठवडाभराचा होता. पुढल्या वर्षी, ६ डिसेंबर १९११ रोजी, ते पुन्हा गेले, आणि या खेपेस मात्र बाबांनी त्यांना लवकर जाऊ दिले नाही. पोथीत हा मुक्काम चार महिन्यांचा सांगितला आहे; दादासाहेबांच्या स्वतःच्या रोजनिशीवरून पाहिले तर तो १९१२च्या मार्चाच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे सुमारे शंभर दिवसांचा भरतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्याहूनही पुष्कळ अधिक काळ तेथे राहिल्या.

काळ कोणता होता हे विसरता कामा नये. दादासाहेब शिरडीत येऊन आठवडा झाला नाही तोच, १२ डिसेंबरला, दिल्लीच्या दरबारात बादशहाने वंगभंग रद्द केल्याचे जाहीर केले. ज्या प्रश्नावर त्यांच्या पक्षाने रान उठवले, ज्यापायी टिळक मंडालेस गेले आणि दादासाहेबांची वकिली उद्ध्वस्त झाली, त्या प्रश्नाचा निकाल लागला तेव्हा वऱ्हाडचा हा नबाब एका खेड्यातल्या वाड्यात राहून पहाटे काकड आरतीला उठत होता.

ती रोजनिशी इंग्रजीत आहे. ती वाचताना पहिला अनुभव निराशेचा येतो, हे सांगितले पाहिजे. चमत्काराची हाव धरून जो ती उघडील त्याला तेच ते वाचावे लागते: लवकर उठलो, प्रार्थना केली, बाबा बाहेर जाताना आणि परत येताना पाहिले, मशिदीत गेलो, माध्यान्हीची आरती झाली, जेवलो, थोडा पडलो, दुपारी परमामृताचे किंवा पंचदशीचे वाचन केले, तिसऱ्या प्रहरी पुन्हा मशिदीत गेलो, रात्री भीष्मांचे भजन आणि दीक्षितांचे रामायण झाले. हे दीक्षित म्हणजे मुंबईचे नामांकित सॉलिसिटर हरि सीताराम दीक्षित. त्यांनी शिरडीत बांधलेल्या वाड्यातच हे वाचन चाले. आरती करणारे बापूसाहेब जोग, पुढे साकोरीस प्रसिद्धीस आलेले उपासनी, शिरडीच्या शाळेत मास्तरकी केलेले माधवराव देशपांडे, एवढीच पात्रे दिवसामागून दिवस येतात आणि जातात. परंतु दहा-वीस पाने वाचून झाल्यावर या कोरडेपणाचे मोल कळू लागते. अर्धे आयुष्य जबान्या ऐकण्यात घालवलेला मनुष्य येथे लिहितो आहे. त्याला जेवढे दिसले तेवढेच तो नोंदतो, आणि जेथे अर्थ लागत नाही तेथे अर्थ लागला नाही असे लिहितो. एका नोंदीत बाबांनी सांगितलेली हकीकत आहे: गव्हर्नर भाला घेऊन आला, बाबांची आणि त्याची झटापट झाली, बाबांनी त्याला हाकलून लावले आणि शेवटी त्याच्याशी सलोखा केला. टिळकांचा साथीदार म्हणून ज्याच्यावर सरकारची करडी नजर होती, त्याला या बोलण्यात आपल्या सुटकेचे आश्वासन वाचणे किती सोपे होते! मागाहून भाविकांनी ते वाचलेही. दादासाहेबांची अटक टळावी म्हणूनच बाबांनी त्यांना अडकवून ठेवले, अशी कथा रूढ झाली. दादासाहेबांनी मात्र त्या दिवशी एवढेच टिपून ठेवले की ही भाषा फार रूपकात्मक आहे आणि तिचा अर्थ लावणे कठीण आहे. मला ही एक नोंद शंभर चमत्कारांहून मोलाची वाटते.

आता मौनाकडे वळतो. पोथीकारांनी त्याचे कारण दिले आहे, आणि ते परंपरेला शोभणारे आहे: विद्यारण्यांची पंचदशी इतरांना समजावून देणारा हा पंडित मशिदीत आला की त्याची वाणी खुंटे, कारण शब्दज्ञानाचे तेज ब्रह्मज्ञानापुढे फिके पडते. याच्या उलट टोकाला आजच्या ऐहिक बुद्धीचे उत्तर आहे: दादासाहेब पोलिसांना भ्याले होते, मशिदीत कोण कोणाचा हेर असेल याचा नेम नव्हता, म्हणून ते तोंड मिटून बसत. हे दुसरे उत्तर पुराव्यापुढे टिकत नाही. भिणारा मनुष्य सगळीकडेच गप्प राहतो; दादासाहेब वाड्यात तासन् तास बोलत, ग्रंथ उलगडून सांगत, आल्यागेल्याची विचारपूस करीत, पूर्वायुष्यातल्या गोष्टी सांगून मंडळींना रमवीत. त्यांचे मौन त्या धुनीजवळच्या जागेपुरतेच होते. पहिले उत्तर मला अमान्य नाही, पण ते अपुरे वाटते. त्यात बुद्धी हरली आणि श्रद्धा जिंकली असा एक सामना गृहीत धरलेला आहे, आणि दादासाहेबांची रोजनिशी पाहता तसा सामना तेथे झालेलाच दिसत नाही. ज्याची बुद्धी हरली तो गव्हर्नरच्या भाल्याचा अर्थ लागत नाही असे लिहीत बसत नाही.

माझ्या मते या मौनाचे मूळ, ते जो ग्रंथ वाड्यात वाचीत होते त्यातच आहे. पंचदशीच्या सातव्या प्रकरणात, तृप्तिदीपात, दहाव्या माणसाचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. दहा जण नदी उतरून पैलतीरी जातात, कोणी वाहून तर गेला नाही ना म्हणून मोजू लागतात, आणि मोजणारा प्रत्येक जण स्वतःला वगळून नऊच मोजतो. दहावा गेला म्हणून आक्रोश चालतो. वाटेने जाणारा कोणी शहाणा म्हणतो, दहावा जिवंत आहे. हे ऐकून धीर येतो, पण दहावा दिसत नाही. मग तो रडणाऱ्याकडेच बोट करून सांगतो, दहावा तूच. विद्यारण्यांनी यावरून ज्ञानाच्या अवस्था मांडल्या आहेत: अज्ञान, आवरण, विक्षेप, परोक्षज्ञान, अपरोक्षज्ञान, शोकनिवृत्ती आणि तृप्ती. दहावा आहे, हे विश्वासू माणसाच्या तोंडून कळणे म्हणजे परोक्षज्ञान. दहावा मी, हे कळणे म्हणजे अपरोक्ष. परोक्षज्ञान खोटे नसते, त्याने धीरही येतो, परंतु ते दुसऱ्याच्या पदरचे असते.

हा भेद एखाद्या शास्त्र्याला तर्काने कळेल. वकिलाला तो हाडीमाशी खिळलेला असतो. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला १८७२चा पुराव्याचा कायदा हे दादासाहेबांच्या पिढीतल्या वकिलांचे नित्यपठण होते, आणि त्याच्या साठाव्या कलमाचा आशय असा, की तोंडी पुरावा हा प्रत्यक्षच असला पाहिजे. पाहण्यासारखी गोष्ट असेल तर ती आपण पाहिली असे म्हणणाऱ्याचीच साक्ष चालेल, ऐकण्यासारखी असेल तर ऐकणाऱ्याची. गावकरी म्हणतात म्हणून, वडील सांगत असत म्हणून, असे साक्षीदार बोलू लागला की समोरचा वकील उठून हरकत घेतो, आणि मुन्सफ ती मान्य करतो. दादासाहेबांनी अशा किती हरकती घेतल्या असतील! ऐकीव पुरावा पुढे करणारा साक्षीदार लबाडच असतो असे नाही. तो सच्छील असेल, त्याने ऐकलेले खरेही असेल. परंतु त्या कोर्टात त्या मुद्द्यावर बोलण्याचा अधिकार त्याला नसतो.

आता हा मनुष्य मशिदीत बसला आहे असे डोळ्यांपुढे आणा. त्याच्याजवळ आत्म्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पंधराही प्रकरणे मुखोद्गत असतील. परंतु त्यातले एकूण एक वाक्य परोक्ष आहे, आणि समोर जो बसला आहे त्याच्याविषयी मनाची अशी खूणगाठ पटत चालली आहे की हा जे बोलतो ते पाहिलेले बोलतो. अशा ठिकाणी आपल्या ऐकीव मालावर स्वतःच हरकत घेऊन स्वस्थ बसणे, याला मी बुद्धीचा पराजय म्हणणार नाही. बुद्धीने आपला कायदा स्वतःलाही लावला, एवढेच तेथे घडले. वाड्यात मात्र बोलायला प्रत्यवाय नव्हता. तेथे सारेच परोक्षाचे अधिकारी होते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. समोरचा पुरुष प्रत्यक्षदर्शी आहे हे ठरवले कोणी? आपल्या देशात साक्षात्काराचा दावा करणाऱ्यांचा तोटा कधीच नव्हता, आणि त्यांच्यापुढे सुशिक्षितांनी मुकाट बसण्याने पुष्कळ अनर्थ झाला आहे. घरे बुडाली, बायकामुलांचे हाल झाले, आणि ज्यांनी विचारायला हवे होते ते हात जोडून उभे राहिले. ही गोष्ट मी हलक्या मनाने घेत नाही. म्हणूनच दोन बाबींकडे लक्ष वेधावेसे वाटते. शिरडीत मौनाची कोणी सक्ती केली नव्हती. खुद्द दाभोळकर १९१० साली पहिल्याच दिवशी बाळासाहेब भाटे यांच्याशी गुरूची आवश्यकता आहे की नाही यावर कडाक्याचा वाद घालून बसले. गुरू हवाच कशाला, हा त्यांचा पक्ष. त्या वादाचा बाबांनी उल्लेख केला तो त्यांना हेमाडपंत हे नाव देऊन, आणि त्याच वाद घालणाऱ्याच्या हातून पुढे ती पोथी झाली. दुसरी बाब अशी, की साक्षीदाराची पारख एकट्या उलटतपासणीनेच होते असे नाही. साक्ष देताना त्याची वागणूक कशी होती याचा शेरा नोंदवण्याची तजवीज आपल्या फौजदारी कायद्यातच आहे. दादासाहेबांची शंभर दिवसांची रोजनिशी म्हणजे मला तसाच एक लांबलचक शेरा वाटतो: आज बाबा प्रसन्न होते, आज रागावले, आज अमक्याला असे बोलले, आज आपल्याकडे अशी योगदृष्टी टाकली की सारा दिवस आनंदाच्या भरात गेला. प्रश्न न विचारताही तपासणी चालू होती.

आणि समजा प्रश्न विचारले असते, तर काय हाती लागले असते? त्याचा मासला साईचरित्रांत नमूद आहे. धुळ्याच्या फौजदारी कोर्टात दागिन्यांच्या चोरीचा एक खटला चालला; आरोपीने कैफियत दिली की ते दागिने मला साईबाबांनी दिले. साक्षीचे समन्स निघाले, परंतु भक्तांच्या विनंतीवरून कोर्टाने बाबांची जबानी शिरडीतच घेण्यासाठी कमिशनर धाडला. त्याने रीतीप्रमाणे नाव विचारले, तर मला साईबाबा म्हणतात असे उत्तर आले; बापाचे नाव विचारले, तर तेही साईबाबाच; वय लाखो वर्षे; धर्म कबीर, जात परवरदिगार. या आरोपीला ओळखता का, तर मी सर्वांनाच ओळखतो. दागिने दिले का, तर होय. पण कोण कोणाला काय देतो? छापील फॉर्मचे एकही घर नीट भरले गेले नाही, आणि तरीही त्या जबानीत टाळाटाळीचा वास येत नाही. नाव, गाव, बाप, वय, जात यांनी बांधलेला जो मी असतो, तोच आपले सारे दावे गुदरीत असतो. कायद्याला तोच ठाऊक आहे आणि त्याच्याशीच कर्तव्य आहे. विचारणाऱ्याचे प्रश्न त्या मीसाठी बेतलेले होते आणि उत्तरे देणारा त्या मीच्या पलीकडून बोलत होता, असे मी मानतो.

वकिलाची आणि कायदेमंडळाच्या सभासदाची आणखी एक अडचण आहे, जी शास्त्र्याला किंवा शेतकऱ्याला नाही. त्याचे सारे बोलणे दुसऱ्याच्या वतीने असते. वकीलपत्र मिळाले की अशिलाचे दुःख तो अशिलाहून नेमके बोलतो. मतदारांनी पाठवले की साऱ्या प्रांताचा तो आवाज होतो. हा धंदा थोर आहे, आणि मुक्यांना वाचा देणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु तीस-तीस वर्षे दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याला स्वतःच्या वतीने काय मागावे हे सुचेनासे होते. मशिदीत दादासाहेबांना अशील नव्हता. आपल्या स्वतःच्या जिवाची बाजू तेथे मांडायची होती, आणि रोजनिशी सांगते की ते कामही ते स्वतः करीत नसत. अमरावतीस परत जाण्याची परवानगी हवी असे, तेव्हा ती त्यांच्या वतीने माधवराव देशपांडे मागत. लंडनमध्ये लोकमान्यांसाठी दाद मागून आलेला वकील शिरडीत एका शाळामास्तराला आपले वकीलपत्र देऊन मागे बसे. मला यात फार मोठे विनयाचे शिक्षण दिसते.

लक्ष्मीबाईंना असा मध्यस्थ लागला नाही. पोथीत दोन प्रसंग आहेत. त्यांच्या धाकट्या मुलाला ताप भरला आणि तो प्लेगच्या गाठींवर गेला, तेव्हा त्या थरथरत बाबांकडे गेल्या आणि अमरावतीस जाऊ द्या म्हणाल्या; बाबांनी आभाळ भरून आले आहे पण ते निवळेल असा धीर दिला आणि आपली कफनी वर करून स्वतःच्या अंगावर उठलेल्या अंड्याएवढ्या चार गाठी दाखवल्या. दुसऱ्या प्रसंगी त्यांनी आणलेले नैवेद्याचे ताट येताच बाबा स्वतः झाकण काढून जेवू लागले. माधवरावांनी विचारले, याच बाईवर एवढी मर्जी का? तेव्हा बाबांनी तिच्या मागल्या जन्मांची हकीकत सांगितली. ही पूर्वी एका व्यापाऱ्याची दुभती गाय होती येथपासून. मग तिला राजाराम हे नाम जपायला सांगितले. या कथा कोणी कशाही घ्याव्यात. माझे लक्ष एवढ्यावरच जाते की त्या बाई जे बोलल्या ते त्यांचे स्वतःचे होते: भय स्वतःचे, मूल स्वतःचे, रांधलेले अन्न स्वतःच्या हातचे. त्यांच्या बोलण्यावर साठाव्या कलमाखाली कोणालाच हरकत घेता आली नसती.

पण मंडालेचे काय? हा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. १९१०च्या नोव्हेंबरपासून पुढल्या मार्चापर्यंत टिळकांनी तुरुंगात बसून गीतारहस्य लिहिले, आणि ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये, लोकसंग्रहासाठी ते करीतच राहावे, हा त्याचा सिद्धांत. ज्या मित्रासाठी दादासाहेबांनी सर्वस्व पणाला लावले तो मित्र असा विचार पूर्ण करतो, आणि त्याच वर्षअखेरीस दादासाहेब सारी कामे टाकून शंभर दिवस शिरडीत बसतात, ही विसंगतीच नव्हे काय? वरवर पाहता आहे. परंतु कर्मयोगात कर्माइतकेच महत्त्व कर्तृत्वाचा अहंकार गळण्याला आहे, आणि ज्याचा पक्ष उधळला गेला, ज्याचे अपील फेटाळले गेले, ज्याची वकिली बसली, त्या वक्त्याला तो अहंकार गळू देण्यासाठी बोलणे थांबवण्याखेरीज दुसरा कोणता मार्ग होता, हे मला सांगता येत नाही. टिळकांना तुरुंगाने जे सक्तीने दिले ते दादासाहेबांनी आपण होऊन घेतले, असे म्हटले तर ते थोडे गोड होईल. तरी त्यात तथ्य आहे.

टिळकांनी त्या मौनाला नावे ठेवली नाहीत, एवढे खास. १९ मे १९१७ रोजी दादासाहेब त्यांना घेऊन मशिदीत गेले. सोबत नरसिंह चिंतामण केळकरही होते. बाबा इतके प्रसन्न आपण पूर्वी कधी पाहिले नव्हते, असे दादासाहेब लिहितात. बाबांनी नेहमीप्रमाणे दक्षिणा मागितली, सर्वांनी दिली. लोकमान्यांकडे पाहून बाबा अशा आशयाचे बोलले की लोक वाईट आहेत, आपण आपल्यापुरते असावे. मंडळींना येवल्यास जायचे होते. परवानगी कोणी मागितली? वकिलीची परीक्षा दिलेले तिघे जण समोर उभे असताना ती पुन्हा माधवरावांनीच मागितली. बाबा म्हणाले, या उन्हात वाटेत मरायला कशाला जाता, येथे जेवा आणि थंड वेळेला निघा. आणि शामाला, म्हणजे माधवरावांना, सांगितले, यांना जेवू घाल. ते जेवले, थोडे पडले, चावडीत लोकमान्यांना पानसुपारी झाली, उदी घेऊन मोटारीने निघाले. देशातला सर्वांत मोठा वक्ता तेथे होता, आणि त्या दिवसाच्या नोंदीत त्याचे एकही भाषण नाही.

पोथीत दादासाहेबांचा परिचय करून देताना ते दिल्लीच्या कौन्सिलचे सभासद होते असे म्हटले आहे, आणि त्यावरून वाचकाच्या मनात असे चित्र उभे राहते की एक बडा विधिमंडळी पुरुष वैभवाच्या शिखरावरून खाली उतरून नम्र झाला. कालानुक्रम याच्या उलट आहे. ते मशिदीत मुके बसले तेव्हा ते कोणत्याही कौन्सिलात नव्हते. मध्यवर्ती कायदेमंडळात ते पुढे आले, आणि नव्या सुधारणांनंतर मेटकाफ हाऊसमध्ये भरणाऱ्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये त्याहून मागाहून. कौन्सिलांवरचा बहिष्कार त्यांना मान्य नव्हता. टिळक गेल्यावर गांधीजींच्या असहकाराच्या लाटेतही ते आपल्या मतावर राहिले आणि लोकप्रियतेला मुकले. शिरडीने त्यांना वेगळा मनुष्य केले असे मी म्हणणार नाही. थाट, खर्चिकपणा, कोट्या, मैफली हे सारे १ जुलै १९३८ला देह ठेवीपर्यंत पुष्कळसे तसेच राहिले असावे, आणि त्यात मला कमीपणा दिसत नाही. मात्र एका प्रसंगी मला शिरडीतल्या त्या बैठकीचा आणि कौन्सिलातल्या भाषणाचा धागा एकच दिसतो.

१९१८ साली रौलट समितीचा अहवाल बाहेर आला. समितीने बंद दाराआड बसून, पोलिसांच्या गुप्त कागदांवर आणि ज्यांची उलटतपासणी कोणी केली नाही अशांच्या सांगण्यावर विसंबून देशभरच्या कटांचे चित्र रंगवले, आणि त्यावरून माणसांना विनाचौकशी अडकवण्याचे कायदे करावेत अशी शिफारस केली. सप्टेंबरात दादासाहेबांनी कायदेमंडळात ठराव आणला, की या अहवालाचा विचार तूर्त तहकूब ठेवावा आणि गुप्त पोलीस खात्याच्या कारभाराची आधी चौकशी व्हावी. ऐकिवावर कायदा करू नका, हाच त्या मागणीचा गाभा होता. ठराव नामंजूर झाला. पुढल्या मार्चात हिंदी लोकप्रतिनिधींचा विरोध डावलून कायदाही झाला. या खेपेस माधवराव देशपांडे नव्हते. सरकारपुढे उभे राहून दादासाहेब स्वतः बोलले, आणि ज्यांना त्या बंद दाराआड कोणी बोलावलेही नव्हते त्यांच्या वतीने बोलले.